आकडा स्थिर झाला त्या दिवशी

मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी पंखा बंद करायच्या. मे महिन्यात, आमच्या धाराशिव जिल्ह्यात! आयटीआयच्या स्टाफरूममधले सगळे घामाघूम होऊन त्यांच्याकडे बघायचे. "पंख्याचा रेग्युलेटर वायरीतून कचरा पाठवतोय," त्या मीटरवरची नजर न काढता सांगायच्या. "मोजून होऊ द्या, मग घ्या वारा."

त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या, मी स्टोअरकीपर. त्यांच्या मागणीपत्रावर महागडी वस्तू कधी नसायची. शेंगदाण्याएवढे कपॅसिटर, जाळीची वायर, आणि एकदा चक्क रिकामा बिस्किटाचा डबा. सर्किट झाकायला.

मीटरवरचा आकडा हलला की बाकीचे मास्तर मीटरला टपली मारत. मॅडम टपली मारू द्यायच्या नाहीत. "त्याच्यावर कशाला रागावता? त्याला कोण हलवतंय ते बघा की."

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. लोक त्यांना हुशार म्हणतात आणि जेवायला दुसऱ्या टेबलावर बसतात.

एकदा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजूच्या एका गावातल्या सरपंचांनी आमच्या प्राचार्यांना गाठलं. गावाला पाण्याची मोठी लोखंडी टाकी होती, दहा फूट उंच, बुटक्या ओट्यावर उभी. टाकीत पाणी किती, ते चौकातल्या बोर्डावर लाल आकड्यात दिसावं, अशी त्यांची इच्छा. उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. प्राचार्यांनी काम मॅडमकडे दिलं आणि श्रेय स्वतःकडे ठेवलं.

मॅडमनी टाकीच्या बुडाशी सेन्सर बसवला. पाण्याचा दाब वाढला की त्यातून येणारं व्होल्टेज वाढायचं, आणि एक छोटी चिप त्याचा टक्क्यांत आकडा करायची. बोर्ड लागला आणि आकडा नाचू लागला. एकसष्ट, अठ्ठेचाळीस, त्र्याहत्तर. चौकातली माणसं त्यावर चहाच्या पैजा लावू लागली.

उद्घाटन चार दिवसांवर आलं तेव्हा प्राचार्यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं.

"आकडा स्थिर पाहिजे, मॅडम."

"करते सर. वेळ द्या."

"वेळ कशाला? प्रोग्राममध्ये ऐंशी लिहून टाका ना."

"मग सेन्सर कशाला सर? भिंतीवर ऑइलपेंटनं ऐंशी लिहून घ्या. लाइट गेली तरी दिसेल."

मी हसू दाबायला खोकलो. प्राचार्यांनी ते माझ्या नावावर लिहून ठेवलं असणार.

पुढचे चार दिवस मॅडम त्या गावात होत्या, सामान घेऊन मीही. सेन्सरची वायर मोटारीच्या केबलला बांधलेली निघाली. मॅडमनी ती सोडवून लांबून नेली, जाळीच्या वायरीत. चिपला वीज मोबाइलच्या स्वस्त चार्जरमधून येत होती. "मोजपट्टीच ताणत-आखडत असली तर कापड किती, ते कसं कळणार?" म्हणत त्यांनी चिपला मोजायला पक्कं व्होल्टेज दिलं. तिच्या पायाशी एक कपॅसिटर डकवला. मग एकामागोमाग सोळा मोजण्या घ्यायच्या, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहान सोडून द्यायची, उरलेल्यांची सरासरी काढायची, असा प्रोग्राम लिहिला. पाणी भरायला येणाऱ्या बाया शेजारी उकिडव्या बसून बघायच्या. त्यांना मॅडम सगळं समजावून सांगायच्या; वर्गात सांगत तितक्याच गंभीरपणे.

उद्घाटनाला साहेब आले. फीत कापली. बोर्डावर आकडा उमटला आणि तसूभर हलला नाही. इतका स्थिर आकडा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

चौदा.

सरपंच पुढे सरकले. मग हसून म्हणाले, "चौदा फूट पाणी, साहेब!"

टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारी ओरडली, "आवं, टाकीच धा फुटाची हाय की!"

साहेब मॅडमकडे वळले. प्राचार्य डोळ्यांनी काय काय सांगत होते, ते मलासुद्धा कळत होतं.

"टक्के आहेत साहेब," मॅडम म्हणाल्या. "शंभरातले चौदा."

"मग बाकीचं पाणी?"

मॅडमनी रस्त्याकडे पाहिलं. साहेबांच्या गाडीवर धूळ उडू नये म्हणून सकाळपासून टाकीच्या पाण्यानं सडा घातला होता, फाट्यापासून मांडवापर्यंत. "तुम्ही त्याच्यावरूनच आलात," त्या म्हणाल्या.

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. बुटांना चिखल होता.

आठवड्याभरात अहवाल तयार झाला: यंत्र सदोष, आकडा अविश्वसनीय. साक्षीदार म्हणून सही माझी. प्राचार्यांनी कागद पुढं केला आणि मी पेन काढलं. कसलीही धमकी नव्हती, चहासुद्धा आला होता. मॅडमना सगळं कळलं असणार, पण त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरग्याला त्यांची बदली झाली. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांच्या निष्ठेवर वीस मिनिटं भाषण केलं. शाल घडी करून पिशवीत टाकत मॅडम बस धरायला निघून गेल्या.

महिन्याभरानं तो बोर्ड परत आणायला मी गावात गेलो. त्याची वायर कुणीतरी सफाईनं कापली होती. टाकीपाशी तीच म्हातारी हातात गोटा घेऊन उभी होती, पत्र्यावर ठोकत.

"काय करताय, आज्जी?"

"पानी बगतेय. बाई जाताना हितं उतरल्या व्हत्या. म्हनल्या, बोर्ड ऱ्हाईल न्हाई ऱ्हाईल, ह्ये शिकून घ्या. वरून ठोकत खाली यायचं. तुमी बगा की."

तिनं गोटा माझ्या हातात दिला. हात पुरतो तिथून मी ठोकत खाली आलो. ठण्. ठण्. ठण्. कमरेशी आल्यावर आवाज दबला.

"थांबा," म्हातारी म्हणाली. "एवडं हाय."