अडीच पाळण्यांचा शौकीन

बीड हैदराबाद संस्थानात होतं तेव्हा तिथल्या तहसील कचेरीत माझी ओळख रहाटपाळण्याचा शौकीन अशी होती, आणि ती मी स्वतः मेहनत घेऊन पसरवली होती. त्या वेळेपर्यंत आयुष्यात मी एकूण अडीच वेळा पाळण्यात बसलो होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. शौकीन माणसाला लोक मत विचारतात, पुरावा मागत नाहीत.

पहिल्यांदा बसलो तो उमापूरच्या जत्रेत, नऊ वर्षांचा असताना. चार पाळण्यांचा लाकडी रहाट, उंची आमच्या घराच्या माळवदापेक्षा थोडी जास्त. मामाच्या मांडीवर बसलो आणि सगळा वेळ त्याच्या उपरण्यात तोंड खुपसून राहिलो. पाळण्यातून काय दिसलं असं विचाराल, तर उपरणं दिसलं. दुसऱ्यांदा बीडला शिकायला आल्यावर, चौदाव्या वर्षी. त्या खेपेला डोळे एकदा उघडले. खाली बिंदुसरेचं पात्र, काठावर धुणं धुणाऱ्या बायका, आणि नदीसकट सगळं एका अंगाला कललेलं. डोळे लगेच मिटून घेतले. अर्धा पाळणा मांजरसुंब्याचा. बसलो, पाळणा जमिनीवरून हातभर उचलला गेला आणि मी असा काही ओरडलो, की रहाटवाल्यानं रहाट उलटा फिरवून मला उतरवून दिलं. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला मिशा होत्या. शेजारच्या पाळण्यातली बाई आपल्या पोरीला म्हणाली, "बग, लई शिकलं की असं होतंय."

एवढ्या भांडवलावर मी जाणकार झालो. जत्रेहून आलेला माणूस दिसला की मी त्याला गाठायचो. रहाट किती पाळण्यांचा होता? खांब सागाचे की बाभळीचे? फिरवायला माणसं किती? देव कसा होता हे मी विचारत नसे. कचेरीतल्या रद्दी कागदांच्या पाठीवर मी रहाटांची चित्रं काढत असे आणि शेजारच्या अहलकाराला, म्हणजे माझ्यासारख्याच कारकुनाला, समजावून सांगत असे. तो बिचारा उर्दूत सारावसुलीचे तक्ते भरायचा आणि मान हलवायचा. मान हलवली नाही तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

माझा सगळ्यात चांगला श्रोता मात्र कचेरीच्या बाहेर होता. फाटकासमोर कडुनिंबाखाली एक मुसलमान फळवाला बसायचा. पन्नाशीचा, अंगानं सडपातळ, दाढी मेंदीनं लाल केलेली. सगळी कचेरी त्याला मामू म्हणायची. दुपारच्या सुट्टीत मी त्याच्याकडचा पेरू घ्यायचो आणि तो संपेपर्यंत त्याला रहाटपाळणा शिकवायचो.

"पोटात गोळा येतो ना मामू, तो वर जाताना येत नाही. खाली येताना येतो."

"हौ जी."

"आणि बसावं कसं, तर मधल्या आसाकडे पाठ करून. वारा तोंडावर येत नाही."

"असं असंल जी. तुमाला लई मालूमात हाय, मुन्शीजी."

ही मी तारीफ समजलो. दोन वर्षं समजत राहिलो.

त्या साली उरसाला एक नवा रहाट आला. आठ पाळण्यांचा, लोखंडी आसाचा, मशिदीच्या मिनाराला टेकेल इतका उंच, असं लोक सांगत होते. लोकांना उंची सांगायला मिनारच लागतो. त्यातच कुठल्याशा दूरच्या जत्रेत पाळणा तुटून माणसं पडली अशी आवई उठली. आमचे तहसीलदारसाहेब हैदराबादचे. कागद पाहिल्याशिवाय ते सावलीतसुद्धा बसत नसत. त्यांनी पेशकाराला, म्हणजे बड्या कारकुनाला, विचारलं, "इस दफ्तर में किसी को झूले की मालूमात है?"

पेशकारानं माझं नाव सांगितलं. अहलकारानं सांगितलं. शिपायानं, कुणी न विचारता, सांगितलं. माझ्या बाबतीत सगळ्या कचेरीचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांचं डोकं खाल्लं होतं, त्याची परतफेड ते एका आवाजात करत होते.

हुकूम झाला: जाऊन मुआयना, म्हणजे पाहणी, करावा आणि रहाट धोक्याचा आहे की नाही, ते लेखी कळवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेशकाराची शेरवानी मागून घेतली आणि मैदानावर गेलो. जाणकार माणसानं शेरवानीत दिसावं, असं माझं मत होतं. शेरवानी खांद्यात घट्ट होती, त्यामुळे हात वर करता येत नव्हते. मुआयना सगळा कमरेखालीच करावा लागणार होता.

रहाटाची मालकीण एक चाळिशीची बाई होती. नऊवारीचा काष्टा घट्ट, कमरेला चुन्याची डबी, आवाज असा की सबंध मैदानाला हुकूम सुटावा. नवरा आणि दोन दीर रहाटावर चढून दोर आवळत होते, आणि ही खालून त्यांना शिव्या देत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बगायचंय सायेब?"

"सगळं," मी म्हणालो.

"बगा की मग."

मी एका खांबापाशी गेलो. बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. कान लावला. नखानं ओरखडा काढून वास घेतला. मान डोलावली. खिशातून कागद काढून लिहिलं, लाकूड साग, जुनं पण पक्कं. मग खांबाभोवती एक फेरी मारली, बुडाशी वाकून माती चिवडली आणि म्हणालो, "आणखी हातभर खोल पुरायला पाहिजे होता."

बाई म्हणाली, "सायेब, त्यो मिठाईवाल्याच्या तंबूचा खांब हाय. आमचा तिकडं हाय."

वरून तिचा एक दीर इतका हसला, की त्याच्या हातातला दोर सुटला.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. कचेरीत अशा वेळी खोकायची रीत आहे, म्हणून खोकलो. तेवढ्यात मागून हाक आली, "मुन्शीजी! इथं कसं?" बघतो तर मामू. डोक्यावर पेरूची पाटी, उरसात दुकान मांडायला आलेला. त्याला बघून मला धीर आला. निदान एक तरी माणूस माझी योग्यता जाणणारा आला होता.

पण मालकीण माझ्या आधी पुढे झाली. तिनं मामूच्या डोक्यावरची पाटी स्वतः उतरवून घेतली. "आलात का मामू! कावून उशीर केला औंदा? गेवराईला वाट बगितली तुमची. मालक दोनदा इचारत व्हते."

"पाय दुखत होता बेटी."

"नवा आस टाकलाय. बसून सांगा बरं कसा झालाय. तुमी बसल्याबिगर आमी कुनाला बसवत न्हाई."

मी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. हळूहळू जे कळलं ते असं. मामू तीस वर्षं जत्रा आणि उरूस फिरत फळं विकत होता, आणि जिथं रहाट असेल तिथं दुकान मांडायच्या आधी एकदा आणि उठवल्यावर एकदा बसत होता. या बाईच्या सासऱ्याचा चार पाळण्यांचा रहाट होता, तेव्हापासून. उमापूरचा माझा पहिला पाळणा, ज्यात मी उपरणं पाहिलं, तोही याच सासऱ्याचा निघाला. तो मरताना सुनेला म्हणाला होता म्हणे, की रहाट कुरकुरला तर सुताराच्या आधी फळवाल्याला विचार.

"मामू," मी म्हणालो, "मला कधी बोलला नाहीस ते?"

"तुमी इचारलंच न्हाई जी," मामू म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं वाटलं असतं. "तुमी सांगत व्हता, मी ऐकत व्हतो. चांगलं सांगता तुमी."

शेरवानी आणखी घट्ट झाल्यासारखी वाटली.

"चला बसू," तो म्हणाला. "मुआयना हाय ना तुमचा? खालून काय कळतंय?"

पळून जायचे मार्ग मी मनात मोजले. एक मार्ग होता, पण तिथं मिठाईवाला उभा होता आणि त्याचा खांब मी नुकताच सदोष ठरवला होता. मी बसलो. आसाकडे पाठ करून बसायला गेलो, तर मामू माझ्या दंडाला धरून म्हणाला, "तिकडून बसू नका, उलटी होती." मी त्याला दोन वर्षं जे शिकवलं होतं, ते पहिल्याच पाळण्यात मोडीत निघालं.

दोघं दीर माकडासारखे चाकाच्या आऱ्यांवर चढले आणि अंगाच्या भारानं रहाट खाली ओढू लागले. आमचा पाळणा उठला. मी डोळे मिटले, पाळण्याची कड धरली आणि तोंडानं जे येत होतं ते म्हणू लागलो. त्यात रामरक्षा होती आणि अधूनमधून सारावसुलीचा तक्ताही असावा.

दोन फेऱ्या झाल्यावर मामू म्हणाला, "गप बसा जरा, मुन्शीजी. ऐकू द्या."

मी गप्प झालो. मला फक्त वारा ऐकू येत होता आणि माझे दात. मामू मान तिरकी करून बसला असावा, कारण त्याची दाढी माझ्या कानाला लागत होती. आणखी एक फेरी गेली. मग त्यानं वरूनच आवाज दिला, "बेटी! थांबव. आमच्या म्होरचा तिसरा पाळणा बोलतोय."

"आसाला तेल कमी पडलं आसंल, मामू!"

"आसाचा आवाज न्हाई. खुंटीचा हाय."

रहाट थांबवला. आमचा पाळणा नेमका शेंड्यावर थांबला, हे सांगायला नकोच. खाली नवऱ्यानं त्या पाळण्याची खुंटी उपसून काढली. बाहेरून ती धडधाकट दिसत होती. त्यानं ती दोन्ही हातांनी वाकवली, तर मधोमध उभी चीर गेलेली. भरल्या पाळण्याखाली तिनं संध्याकाळपर्यंतही तग धरला नसता. बाईनं नवऱ्याला शिवीसुद्धा दिली नाही, त्यावरून प्रकरण किती मोठं होतं ते मला कळलं.

नवी खुंटी बसवेपर्यंत आम्ही दोघं वरच होतो. मामू मला एकेक दाखवत होता. ती पाली गावची वाट, तिकडून गाड्या येताहेत. ते तुमच्या कचेरीचं छप्पर, त्यावर कुणीतरी धोतर वाळत घातलंय. मी "हौ, हौ" म्हणत होतो. त्याचा शब्द मी प्रथमच वापरत होतो.

"उघडा की डोळे," तो म्हणाला. "खाली न्हाई बगायचं. लांब बगायचं."

मी उघडले. लांब बघितलं. बालाघाटाचे डोंगर जागच्या जागी होते, कललेले नव्हते. छपरावरचं धोतर पेशकाराचं होतं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो, आणि त्यात धोतराचाही वाटा होता.

कचेरीत येऊन मी रिपोर्ट लिहिला. उर्दू माझं चांगलं होतं. कागदात स्वतःला फिदवी, म्हणजे आज्ञाधारक सेवक, म्हणायची रीत होती. "फिदवीने बारकाईने मुआयना केला असता एका खुंटीत दोष आढळला, फिदवीने तो जागच्या जागी दुरुस्त करवून घेतला." मामूचा उल्लेख नव्हता. लिहिताना हात अडखळला, हे खरं. पण थांबला नाही, हेही खरं. तहसीलदारसाहेबांनी सगळ्यांसमोर वाचून शाबासकी दिली आणि यापुढे तालुक्यात कुठंही रहाट लागला तर मुआयना मीच करावा, असा हुकूम केला. पेशकारानं शेरवानी परत मागितली नाही. मोठ्या माणसाकडे वस्तू मागायला लोक संकोचतात.

वर्षभर हे चाललं. जत्रा आली की मी मामूला गाठायचो, दोघं जायचो. तो बसायचा, ऐकायचा, सांगायचा. मी शेजारी बसायचो आणि खाली आल्यावर फिदवी व्हायचो. मामूला यात काही गैर वाटत नव्हतं. मला मात्र वाटायला लागलं, आणि तेही त्याच्या चांगलेपणामुळे. एकदा पेरू कापता कापता त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला माझ्याबद्दल सांगितलं, "मुन्शीजींना रहाटाचा लई शौक हाय. माज्यासंगं येतात." त्याला माझ्यात शौक दिसत होता. रिपोर्टात जे मी लिहीत होतो, त्याला दुसरा शब्द होता.

पुढल्या उरसाला मी रिपोर्ट खरा लिहिला. मुआयना तीस वर्षांचा अनुभव असलेल्या एका फळविक्रेत्याने केला, दोष त्यानेच ओळखले, फिदवी केवळ सोबत होता. गेल्या साली लिहिलेलंही चूक होतं, असं खाली जोडलं. कागद साहेबांपुढे ठेवला. नोकरी जाईल असं वाटलं.

साहेबांनी वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. मग लेखणी घेऊन फळविक्रेत्याची ओळ खोडली, गेल्या सालची ओळही खोडली आणि शांतपणे म्हणाले, सरकारी मिसलीच्या कागदांत फळवाल्याचं मत येत नसतं, आणि झालेल्या कागदाला चूक म्हणायचा अधिकार अहलकाराला नाही. उरलेल्या कागदावर "फिदवी सोबत होता" एवढंच राहिलं. त्यावर त्यांनी सही केली. मी कुणासोबत होतो, हे त्या मिसलीत आजही कुणाला कळणार नाही.

मी बाहेर येऊन मामूला सगळं सांगितलं. मला वाटलं, त्याला वाईट वाटेल. तो पेरूवरची धूळ पुसत होता.

"बरं झालं जी खोडलं," तो म्हणाला. "कागदात नाव आलं की कचेरीत बोलावतात. बेटीनं आज आरे बदललेत. चलता का?"

मी कचेरीकडे बघितलं. सुट्टी संपायला अजून अवकाश होता. मी त्याच्या पाटीची एक बाजू धरली आणि आम्ही मैदानाकडे निघालो.