कोर्टापुढे ठेवलेला नारळ

मी कोर्टात नारळ घेऊन गेले होते. हसा. आता मीही हसते. सतरा वर्षांची होते, नाकात नथ आणि डोक्यात भुसा.

अलिबागच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटच्या टेबलापुढे तो नारळ ठेवला, हात जोडले. म्हटलं, "व्हय साहेब, चूक माजी हाय. हा घ्या नारल."

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाल्याने नारळ पायाने बाजूला सारला. तो गडगडत वकिलांच्या खुर्च्यांखाली गेला आणि मी, शहाणी, त्याच्यामागे रांगत गेले. मग हसणारे आणखी हसले.

"उचल तो," साहेब म्हणाले. "घरी जाऊन चटणी कर."

आमच्या कोळीवाड्यात रीत होती. चुकलात तर पंचांपुढे उभं राहायचं, कबूल करायचं, नारळ ठेवायचा. पंच तो फोडणार, खोबरं सगळ्यांना वाटणार. खोबरं तोंडात गेलं की गोष्ट संपली. पुढे ती जो उकरून काढेल, दोष त्याचा. मला वाटलं, सरकारचंही असंच असेल.

नुसतं वाटलं नव्हतं. भाऊसाहेबांनी सांगितलं होतं.

भाऊसाहेब गावातले मोठे बागाईतदार. त्यांच्या वाडीत मी माडांना शिंपण करायची. माडाच्या बुंध्यात मीठ घालतात, तसं घालायचं होतं. त्यांच्या घरच्या वहिनीसाहेब म्हणाल्या, "विकतचं कशाला? खडकातलं खरवडून आण की." फाल्गुनात खडकांच्या खळग्यांत समुद्राचं पाणी आटतं, खाली पांढरं मीठ उरतं. ते उचलणं तेव्हा गुन्हा होता. मीठ सरकारचं. आम्ही समुद्राचे नुसते शेजारी. दोन टोपल्या भरल्या आणि मीठखात्याच्या शिपायाने मला धरलं.

"माझं नाव घेऊ नकोस," भाऊसाहेब म्हणाले. "कबूल करून टाक. तुमच्यात ठेवतात तसा नारळ ठेव. मिटलं. पुढे कोणी विचारणार नाही."

त्यांच्या शब्दावर मी विहिरीत उडी मारली असती आणि तळातून विचारलं असतं, "पाणी किती काढू?" इतकी मी हुशार.

शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची. बसले. एका कागदावर अंगठा उठवला. संध्याकाळी नारळ कवटाळून घरी आले, आळीत खोबरं वाटलं. मिटलं.

काही वर्षांनी मिठाचा सत्याग्रह झाला. भाऊसाहेबांनी आमच्याच किनाऱ्यावर चूल मांडून मीठ केलं आणि तुरुंगात गेले. सुटून आले तेव्हा ताट घेऊन पुढे मीच. ओवाळताना डोळे भरले होते माझे, खोटं कशाला सांगू? मग सरकारशी तह झाला. किनाऱ्यावरच्या माणसांना घरापुरतं मीठ उचलायची मोकळीकही मिळाली.

मग एका वादळात माझा नवरा होडीसकट गेला. पदरात दोन मुली. दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीसाठी बाई हवी होती. सासूच्या हाताखाली मी कितीतरी बाळंतपणं केली होती. ही चाकरी मिळाली तर मुली शाळेत जाणार होत्या. नाहीतर माझ्यासारख्याच, दुसऱ्याच्या वाडीत.

निवड करणाऱ्या कमिटीत मधल्या खुर्चीवर भाऊसाहेब. मी मनात म्हटलं, झालंच काम.

कारकुनाने विचारलं, "पूर्वी शिक्षा झाली आहे?"

"न्हाय."

खोबरं वाटलं होतं ना मी!

त्याने पोलिसांकडून आलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचला. मिठाचा गुन्हा. कबुली. शिक्षा. वर म्हणाला, "आणि आता खोटंही बोलली."

मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. आता बोलतील. ते चष्मा पुसत होते. किती वेळ पुसला तो चष्मा! मग म्हणाले, "नियम आहे, बाई. नावावर डाग असलेलं माणूस बाळंतिणींजवळ कसं ठेवायचं?"

बाई! इतकी वर्षं नावाने हाक मारणाऱ्याला माझं नाव आठवेना.

"भाऊसाहेब, तुमीबी मिठापायीच आत गेलेले."

"ते देशासाठी होतं."

"माजं तुमच्या माडांसाठी व्हतं."

या वेळी कोणी हसलं नाही. मी उठले.

कारकून पायऱ्यांपर्यंत मागे आला. "भाऊसाहेब म्हणतात, माफीचा अर्ज करा. मी लिहून देतो, तुम्ही अंगठा द्या. पुढच्या वेळी बघू."

"ही नोंद ऱ्हाते किती वर्सं?"

"त्याला मुदत नसते."

खडकातलं मीठ आता कोणीही उचलत होतं. गुन्हा सरला होता. गुन्हेगार तेवढी उरली होती, मी.

अंगठा मुठीत घट्ट दाबला. तिथे, त्या पायरीवर ठरवलं. यापुढे कोणीही विचारो, शिक्षा झाली म्हणून सांगायचं. आणि त्याच दमात, कोणासाठी झाली तेही. बाजारात, पाणवठ्यावर, त्यांच्या दारात उभं राहून. आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

"लिवायचं तर समदं लिव," मी त्याला म्हटलं. "मीठ कोनाच्या माडांसाठी व्हतं, त्येबी लिव. मग देते अंगठा."

त्याने मागे दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"तसं लिहिलं तर उद्या माझ्या नावावर नोंद होईल, बाई. तुमची आहे ती राहू द्या."