पाच महिन्यांचे बिशप आणि माझी जाडजूड मेणबत्ती

कतारमध्ये बारा वर्षं काढली, तरी या वाळूत एक संत जन्मला होता हे मला माहीत नव्हतं. कळलं ते लेकीमुळे. रोझान चौदा वर्षांची, यंदा तिचं दृढीकरण, म्हणजे चर्चमधला कन्फर्मेशनचा संस्कार. त्या वेळी मूल आपल्या आवडीच्या संताचं नाव घेतं, आणि तिच्या टीचरनं त्या संतावर प्रोजेक्टही करायला सांगितलेलं. तिनं निवडले संत इसाक. सातव्या शतकातले, जन्म कतारच्या भागातला, पुढे निनवे शहराचे बिशप. ते पूर्वेकडच्या चर्चचे, पण आता आपल्या कॅथलिक चर्चनंही त्यांना संतांच्या यादीत घेतलंय.

मी एवढंच ऐकलं आणि कामाला लागले, कारण मला नवस बोलायचा होता. माझा नवरा सायमन हमद पोर्टवर क्रेनच्या मेंटेनन्सला होता. पाच महिन्यांपूर्वी त्याला मॅनेजर केलं. वसईला गावच्या नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, फोटोसकट. तो इथून फोन करकरून मीच लावून घेतला होता. येत्या रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, पद कायम होण्याच्या पत्रावर सही करायची होती आणि हा माणूस दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. टेन्शन असेल, सही झाली की जाईल, असं मी धरून चालले. त्यासाठी इथल्याच मातीतल्या बिशपांइतका वशिला दुसरा कुठला?

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून थेट निघालो. डब्यात फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल पाव, आणि अंड्याची पोळी, पिशवीत वसईहून आणलेली हातभर मेणबत्ती. कतारमधलं जुनं ठिकाण म्हणून मला झुबाराचा किल्लाच माहीत होता; आम्ही राहतो त्या अल वक्राहून उत्तरेला तिथपर्यंत पावणेदोन तास धरा. रस्ता गुळगुळीत, पण शमाल रोड हा हायवे सोडला की पेट्रोल पंप विरळ, टाकी आधीच भरून घ्या. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीतच. वाटेत करक चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की माणूस बाहेर येऊन ऑर्डर घेतो. दोनेक रियालचा कप, साखर भरपूर. सायमननं एरवी दोन घेतले असते. त्या दिवशी एकच घेतला आणि तोही हातातच निवू दिला.

झुबाराचा किल्ला देखणा आहे. चार बुरूज, आजूबाजूला सपाट वाळू, पलीकडे समुद्राची निळी रेघ. शेजारी उत्खननात सापडलेलं मोत्यांच्या व्यापाऱ्यांचं गाव. माहितीची सगळी पाटी मी मन लावून वाचली. किल्ला गेल्या शतकातला, गाव अडीचशे वर्षांपूर्वीचं. संत तेराशे वर्षांपूर्वीचे. म्हणजे माझा नेम हजार वर्षांनी चुकला होता.

"मम्मी, आय टोल्ड यू," रोझान म्हणाली. "नोबडी नोज द एक्झॅक्ट प्लेस."

तिनं खरंच सांगितलं होतं. तेव्हा हा सगळाच किनारा एका नावाखाली यायचा, त्यातलं नेमकं गाव कुणाला ठाऊक नाही. पण एवढी आलेली मी रिकामी परतणार थोडीच. मेणबत्ती बाहेर काढली. पेटवायची नव्हतीच, इथं उघड्यावर तसं चालत नाही. नुसती हातात धरून नवस बोलायचा होता.

आमचं मराठी ऐकून एक दाढीवाले गृहस्थ जवळ आले. व्हॅनमधून टुरिस्ट आणणारे, रत्नागिरीचे इकबालभाई. "वसईचे काय तुम्ही? आणि ही एवढी मोठी मेणबत्ती कशाला?"

"इथल्या एका संताला," मी म्हटलं. "यांची मॅनेजरची पोस्ट पक्की व्हावी म्हणून."

रोझान आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हसत सुटली. "मम्मी, द सेंट रिझाइन्ड! आफ्टर फाइव्ह मन्थ्स!"

मग तिनं मोबाइलवरचं प्रोजेक्ट वाचून दाखवलं. बिशप झाले आणि पाच महिन्यांत पद सोडून डोंगरात निघून गेले. पुढे मठात राहिले, आणि ग्रंथ वाचून वाचून त्यांचे डोळे गेले, असं म्हणतात. ज्यानं एवढं मोठं पद आपणहून सोडलं, त्याच्याकडे मी पद टिकव म्हणून साकडं घालत होते.

"पाच महिन्यांत खलास?" इकबालभाईंना मजा वाटली. "लोक म्हटले असतील, ह्याला काढला. आमच्यात कोण गावी परत गेला तर पहिला सवाल तोच."

"लोक नंतर," सायमन म्हणाला. "आधी घरचे विचारतात."

इकबालभाई समजूतदार माणूस. टुरिस्ट हाक मारतायत म्हणून निघून गेले. मला कुणाचीही हाक ऐकू आली नव्हती.

"पाच महिने मी क्रेनवर चढलो नाही," सायमन किल्ल्याच्या सावलीत बसत म्हणाला. "मीटिंग आणि एक्सेल. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्याच रजा नाकारायच्या. जुनी जागा अजून रिकामी आहे, मागितली तर देतील. पण तू फ्लेक्स लावलास."

मला लाज वाटली. पाच महिने मी त्याला जेवायला काय करू एवढंच विचारलं होतं. थोडा रागही आला, कारण मॅनेजरची बायको असणं मला मनापासून आवडायला लागलं होतं. मी डबा उघडला आणि त्याच्या हातात फुगा दिला.

परतताना संध्याकाळी वक्राच्या किनाऱ्यावर थांबलो. जुन्या होड्या, फिरायला आलेली कुटुंबं, बसायला फुकट जागा. तुम्हीही जरूर थांबा.

"रविवारी सही करू नकोस," मी म्हटलं.

"आणि फ्लेक्स?"

"तुझ्या पप्पांना मी सांगते."

सांगायला मला आठवडा लागला. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो फ्लेक्स मी कधीच काढला, बाय. कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलाय. फोटो आतल्या बाजूला केलाय, कोंबड्या बघत बसतात त्याला." मागून सासूबाई हसत होत्या.

या प्रवासात संतांची एक खूणही सापडली नाही. तरी झुबाराला जा, पाणी भरपूर न्या, आणि नवस बोलणार असाल तर संताचं चरित्र शेवटपर्यंत वाचून जा.

काल चर्चमध्ये ती मेणबत्ती शेवटी लावली. काही मागितलं नाही. शेजारी सायमन हात जोडून उभा होता, आणि त्याच्या नखांत ग्रीस होतं.