माझ्या दोन गुंठ्यांचा धूर

निवृत्त झाले आणि मुलुंडचा फ्लॅट मुलाच्या हवाली करून घरात जाहीर केलं, की मी कर्जतला, कोंडाण्याच्या वाटेवरच्या आपल्या प्लॉटवर दोन खोल्या बांधून राहणार. झाडांत राहणार, कमी वस्तूंत राहणार. मुलगा म्हणाला, "आई, नव्याचे नऊ दिवस. पावसाळ्याआधी परत येशील." असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी म्हटलं, "घरामागच्या दोन गुंठ्यांत पिकवलेला तांदूळ तुला पाठवीन. नाही पाठवला, तर मुकाट्याने परत येईन." बोलून गेले. तोवर मी भाताचं रोप हातातसुद्धा धरलं नव्हतं.

घर होईपर्यंत भिसेगावात भाड्याच्या खोलीत राहिले आणि दिवाळीनंतर इथे आले. आमचा प्लॉट ज्या स्कीममध्ये आहे तिच्या नावात 'निसर्ग' आहे आणि 'व्हॅली'ही आहे. शनिवारी खालापूरच्या टोलनाक्यावरून गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी जातात. कायमची राहणारी मी एकटीच. माझ्या कुंपणापलीकडे मात्र एका बाईचं भातशेत आहे. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, नवरा गेलेला, मुलगा माथेरानच्या एका हॉटेलात कामाला. शेत तीच बघते.

पौषातल्या एका सकाळी ती कमरेला कोयता लावून आली आणि माझ्या कुंपणालगतच्या ऐनाच्या झाडाकडे निघाली. प्लॉट पडायच्या आधीपासून त्या झाडावर तिची वहिवाट होती, पण हे मला कुठे ठाऊक? मी हातातला चहा टाकून धावले आणि खोडाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"या झाडाला हात लावायचा नाही."

"मॅडम, टहाळ पायजे. राबाला."

"राब म्हणजे?"

"भात पेरायची जागा भाजतात ना, तो."

"म्हणजे झाड तोडायचं आणि वर जाळायचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. "तुमचं झाड हाय. नाय तोडत," म्हणाली आणि गेली. मी इतकी खूश झाले, की झाडाला मिठी मारलेला फोटो काढून मुलाला पाठवला.

त्यानंतर कितीतरी सकाळी ती डोंगराकडून फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना दिसायची. मी ओट्यावर चहा पीत मनात म्हणायचे, काय काटक बाई आहे. तो भारा तिच्या डोक्यावर मीच चढवला होता. हे कळायला मला वर्ष लागलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

उन्हाळ्यात तिने राब भाजला तेव्हा मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात खिडक्या लावून घेतल्या. माझ्या वाफ्यात मी नर्सरीतलं पिशवीबंद खत घातलं आणि भात पेरलं. हिरवंगार उगवलं. लावणीच्या वेळी चार दिवस कंबर मोडून एकेक रोप चिखलात रोवलं आणि स्वतःवरच भाळून बांधावर बसले. तेवढ्यात ती कुंपणाशी आली.

"मॅडम, ह्यातलं निम्मं गवत हाय."

भातासारखंच दिसणारं गवत मी वाफ्यातून हळुवार हाताने उपटलं होतं आणि ओळीत लावलं होतं. "आधी का नाही सांगितलंत?" मी चिडून विचारलं. "तुमी इचारलं नाय," ती म्हणाली. खरंच विचारलं नव्हतं.

त्या वर्षी भात झालं ते एक पातेलंभर. मुलाचा फोन आलाच. "मग, कधी येतेस?"

"पुढच्या वर्षी तांदूळ पाठवते."

"असं ठरलं नव्हतं, आई."

"मग ठरलेलं मोडलं," म्हणून मी फोन ठेवला. शब्द मोडण्याची मला चीड आहे, पण हरून परत जाण्याची त्याहून जास्त आहे.

त्या संध्याकाळी मी कुंपणापलीकडे गेले आणि नाक मुठीत धरून म्हटलं, "मला राब शिकवा." ती म्हणाली, "आदी ऐन." पौषात ती झाडावर चढली. खालच्या फांद्या उतरवल्या, शेंडा राखला. मला बघवेना. वरूनच तिने विचारलं, "ह्यो ऐन माज्या सासऱ्यानं तोडला, त्याच्या बापानं तोडला. मेला का?" झाड माझ्यासमोर उभं होतं.

मग माझ्या वाफ्यात खाली वाळलेलं शेण, त्यावर टहाळ, त्यावर गवत, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर चाळलेली माती. माती अशासाठी, की जाळ भडकू नये, जमीन सावकाश भाजावी आणि तणाचं बी मरावं. हे सगळं तिला पाठ होतं, आणि मी निसर्ग शिकायला फोनवर व्हिडिओ बघत होते.

चैत्रात माझा रचलेला राब बघून स्कीमच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. धुराचा पाहुण्यांना त्रास होतो, गावठी प्रकार स्कीममध्ये चालणार नाहीत. मी लिहिलं, "दर शनिवारी तुम्ही अंगणात कोंबड्या भाजता, त्याचा धूर कोणत्या गावचा असतो?" हे लोक इथे झाडं बघायला येतात, पण झाडांबरोबर जगणारी माणसं दिसली की यांना खोकला येतो. मीही त्यांच्यातलीच होते, म्हणून मला जास्त राग येत होता.

शेजारीण म्हणाली, आज वारा बरा आहे. नेमका शनिवार होता. दुपारी, वाऱ्याच्या उलट अंगाने, काडी मी लावली. धूर जरा वर गेला तोच सेक्रेटरी पाण्याचा लांबलचक पाइप ओढत आले. "विझवा हे, नाहीतर मी विझवतो." मी राबापुढे हात पसरून उभी राहिले, ऐनापुढे राहिले होते तशीच.

"आधी माझ्यावर मारा पाणी."

त्यांनी मागे वळून वॉचमनला नळ सोडायला सांगितलं. वॉचमन बाजूच्याच गावचा. तो नळाशी नुसता बसून राहिला. सेक्रेटरी कोरडा पाइप धरून उभे, मी हात पसरून उभी. मागून शेजारीण वैतागली.

"बाजूला हो गं. वारा अडवतीस."

मी बाजूला झाले. राब संध्याकाळपर्यंत धुमसत राहिला आणि सेक्रेटरी केव्हा गेले ते मी पाहिलंच नाही.

त्या वर्षी वाफ्यात भातच उगवलं. कापणीनंतर कर्जतच्या गिरणीतून भरडून आणलं आणि पिशवी भरून मुलाकडे पाठवली. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"आई, तांदळात खडे फार आहेत गं."

"माझ्या शेतातले आहेत," मी म्हटलं. "निवडून खा."