डोंगराखालचा नियंत्रण कक्ष आणि ओव्हाळ आबा

आदरणीय सदाशिवराव ओव्हाळ यांना मी प्रथम पाहिले ते लोहगडवाडीजवळच्या एका शाळेत, बाके ओढताना. दरड कोसळली होती, गुरांमागे गेलेला एक शेतकरी बेपत्ता होता. वडगावच्या दवाखान्यात नुकतीच रुजू झालेली मी डॉक्टर, मदतीला येऊन गोंधळून उभी होते. जो तो ओरडत होता.

रेल्वेगाड्यांच्या कंट्रोल ऑफिसात हयात घालवलेल्या आबांनी बघता बघता त्या शाळेचा नियंत्रण कक्ष केला. एका वर्गात वायरलेस आणि नकाशा, दुसऱ्यात औषधे, नातेवाइकांना वेगळी खोली. डोंगरावर जाणाऱ्याने, उतरणाऱ्याने दाराशी मांडलेल्या टेबलावर नाव सांगायचे. आदेश एकाच माणसाने द्यायचे. शेतकऱ्याच्या पत्नीने विचारले, मालक सापडतील ना? "शोध चालू हाय, मावशी. कळंल ते पयलं तुमाला सांगंन," एवढेच ते म्हणाले. खोटा धीर त्यांनी कधीच कुणाला दिला नाही. सायंकाळी शेतकरी सापडला, पाय मोडलेला पण जिवंत. बातमी आधी मावशींना गेली.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी आबांच्या हाताखाली काम करत आले. एकदा लोणावळ्याजवळच्या घळीत दोन तरुण पर्यटक अडकले. वर गेलेल्या पथकाच्या प्रमुख होत्या आबांच्या कन्या प्रज्ञाताई. धुके दाटले, पाऊस वाढला आणि पथकाशी वायरलेसचा संपर्क तुटला. दुसरे पथक पाठवावे, तर कड्यावरून दगड सुटत होते. न पाठवावे, तर वरच्यांचे काय?

आबा उठले. "डॉक्टर, हितं तुमी बसा. माझी पोरगी वर हाय. आता माझ्या निर्णयाचा भरवसा न्हाई."

ते नातेवाइकांच्या खोलीत अडकलेल्या मुलांच्या आईवडिलांशेजारी जाऊन बसले. मी दुसरे पथक थांबवले. दार उघडेच होते, आबांना ऐकू गेले. त्यांनी मान खाली घातली. किती वेळ गेला कोण जाणे. मग वायरलेस खरखरला आणि प्रज्ञाताईंचा आवाज आला: सगळे सुखरूप, खाली येतोय.

आबांनी आधी शेजारच्या आईचे हात हातात घेतले. मग बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "बरोबर केलंत. मी पाठवलं असतं."

आबांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. आभाळ भरून आले की आमची नजर अजूनही त्यांनाच शोधते. तरी आबा, यापुढचे पावसाळे आपण कान्हे गावातल्या घरी, निरोगी आणि निर्धास्त, लेकीशी गप्पा मारत काढावेत, आणि असे पावसाळे आपल्याला खूप लाभावेत. टेबल मांडायला आम्ही आहोत.