माझी आई हजर होती

वकिलानं माझ्या आईला फसवलं. वकील समोरच्या बाजूचा नव्हता, तिचाच होता. आमच्या गावच्या पाटलांचा धाकटा मुलगा. माझी आई त्यांच्या वावरात कापूस वेचायची.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. तेलुगू मुलखातल्या जैनथकडच्या आमच्या गावाहून पहिल्या बसनं आम्ही जिल्ह्याच्या कोर्टात आलो होतो. माझ्या बापानं आईवर फारकतीचा दावा लावला होता. बायको नांदत नाही, स्वतःहून निघून गेली, असं त्यानं लिहून दिलं होतं. खरं असं होतं की त्यानं आम्हाला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं होतं आणि दुसरी आणायची त्याला घाई होती. बाप पाटलांच्या जिनिंगवर मुकादम होता, त्यांच्या घरचा माणूस. तरी धाकटे पाटील आईला म्हणाले होते, गिरजा आमच्या वावरात राबते, ती आमचीच आहे, तिच्याकडून मी उभा राहतो. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी आईचा अंगठा घेतला. आई त्यांच्या पाया पडली.

कोर्टाच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. मला तहान लागली होती. मी ग्लासाकडे हात नेला तेवढ्यात वकीलसाहेब काळा कोट घालून आतून आले. त्यांनी मला हात लावला नाही. हातातल्या फायलीच्या कडेनं माझा हात बाजूला सारला, ताटावरची माशी सारतात तसा.

"इथं दाटी करू नका. झाडाखाली बसा दोघी. नाव पुकारलं की मी बोलावतो."

झाड म्हणजे सायकल स्टँडच्या पलीकडची चिंच. भिंतीपलीकडे मोठा रस्ता, त्यावर ट्रक. आम्ही तिथं बसलो. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि कोर्टाच्या दाराकडे तोंड करून बसली. शिपाई व्हरांड्यात येऊन नावं पुकारत होता. त्याचं तोंड उघडताना दिसायचं, आवाज यायचा नाही. दरवेळी आई अर्धी उठायची. वकीलसाहेब आत-बाहेर करताना मला दिसत होते. आमच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, झालं आजचं, जा घरी.

पुढं गावात बातमी आली की फारकत झाली. गिरजा कोर्टात आलीच नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला. आई मला घेऊन पाटलांच्या अंगणात गेली. तिथं कामाला आलेल्या बाया बसल्या होत्या, आमच्या वस्तीतल्याही होत्या. वकीलसाहेब झोपाळ्यावर होते. आईनं एवढंच विचारलं, की मी तर दिवसभर होती, मग असं कसं झालं?

साहेब हसले. "गिरजे, तुझं नाव पुकारू पुकारू शिपायाचा घसा बसला. तू कोठी चहा पीत बसली होती?"

बाया हसल्या. आमच्याही हसल्या, हसावंच लागतं. 'तुम्हीच तर बसवलं झाडाखाली' एवढं आईच्या तोंडातून निघालं नाही. तिनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्याच वावरात कापूस वेचत होती. दुसरं वावर कुठं होतं?

त्या दिवसापासून वस्तीत ती 'कोर्टात न गेलेली' झाली. लग्नकार्यात कोणी ना कोणी म्हणायचंच, हिच्यातच काही असन, नाहीतर बाई गेली नसती का जजापुढे? आई भांडायची नाही. ती फक्त सांगायची, "माझे कान चांगले हायत. पुकारलं असतं तर मले ऐकू आलं असतं."

मग ती ऐकायला लागली.

हे कसं सांगावं कळत नाही. भाजी निवडता निवडता ती हातातलं टाकून उभी राहायची. पदर सारखा करायची, चप्पल पायात सरकवायची आणि दारात जाऊन उभी राहायची. मी विचारलं की म्हणायची, हाक आली. बाहेर रस्त्यावर कोणी नसायचं. उन्हात कुत्रं झोपलेलं असायचं. ती थोडा वेळ थांबायची, परत यायची आणि भाजी निवडायला लागायची. आता ती म्हातारी झाली आहे, खाटेवरून उठताना भिंत धरावी लागते. तरी उठते.

निकाल लागला त्याच वर्षी मी शाळा सोडली. डोक्यावर टोपली घेऊन आठवडी बाजारात भाजी विकली. आता जिल्ह्याच्या बाजारात माझा ठोक माल येतो. मी भावात हटत नाही. तोंडाची कडक म्हणून मला सगळे ओळखतात, आणि ते बरंच आहे. तेलुगू मी ट्रकच्या पाट्यांवरून वाचायला शिकले. पण हर्राशीत, म्हणजे लिलावात, अडत्या माल माझ्या नावावर तोडून मोठ्यानं माझं नाव पुकारतो, तेव्हा दरवेळी मी दचकून पुढं सरकते. मी लगेच हात वर करते. गरज नसते, तरी दोनदा करते.

गेल्या उन्हाळ्यात आई आजारी पडली. तापात तिनं माझा हात धरला. "पुकारलं होतं का नाही, तेवढं पाह्य ना माय. मी मरून जाईन अशीच."

म्हणून मी कोर्टात गेले, त्या दाव्याची नक्कल मागायला. खिडकीतल्या क्लार्कनं केस नंबर विचारला. माझ्याजवळ आई-बापाची नावं होती आणि मी शाळा सोडली ते साल. तो म्हणाला, नंबर लाओ. मी आवारात उभी होते तेवढ्यात एक मुन्शी, म्हणजे वकिलाचा कारकून, जवळ आला. आमच्या वकीलसाहेबांचाच. साहेब आता मोठे झालेत, बाकीचे वकील त्यांना उठून जागा देतात. मुन्शीनं गोड आवाजात सांगितलं, जुनी फाईल आपलीच आहे, अर्ज मी टाकतो, तुम्ही धंदा सोडून इथं काऊन उन्हात, तिकडं सावलीत बसा, मी बोलावतो.

मी दर आठवड्याला जाऊन विचारत राहिले. तो दरवेळी सांगायचा, येऊन राह्यली अम्मा, येऊन राह्यली. शेवटी मी सरळ खिडकीवर गेले. क्लार्कनं रजिस्टर पाहिलं आणि सांगितलं की अर्ज तर कधीच रद्द झाला. नक्कल तयार करायच्या आधी तिकिटं, म्हणजे कोर्ट फीचे स्टॅम्प, मागवतात, त्याचा नंबर बाहेरच्या बोर्डावर लागतो. ठरल्या मुदतीत तिकिटं दिली नाहीत की अर्ज गेला. तोंडानं कोणी सांगत नाही.

मुन्शी मागंच उभा होता. तो म्हणाला, "बोर्डावर नंबर लागला होता अम्मा. तुमी कुठं होत्या?"

माझ्या डोळ्यांपुढं परत ते अंगण आलं. तो झोपाळा, त्या बाया, आईची खाली गेलेली मान. याच्या तोंडून तेच निघत होतं. मला वाटलं त्याची कॉलर धरावी. माझा आवाज आख्ख्या व्हरांड्यात गेला असेल, कारण लोक दारातून डोकावले. मुन्शी हळूच म्हणाला, तमाशा नको, बाहेर बसा, मी पाहतो.

"मी बसत नाही," मी म्हटलं.

तिथून पुढं मी बसले नाही. जुन्या रजिस्टरांतून नाव शोधायला वेगळा अर्ज दिला, दाव्याचा नंबर निघाला. नकलेचा अर्ज आईच्या नावानं, तिच्या अंगठ्यानं, माझ्या हातानं दिला. मुन्शीला शिवू दिला नाही. रोज बाजार उरकून कोथिंबिरीच्या वासाच्या लुगड्यात मी बोर्डापुढं उभी राहायचे. क्लार्क म्हणायचा, "बैठो अम्मा, बुलाते." मी म्हणायचे, बुलावू नका, मी इथंच आहे. तो हसायचा. पुढं हसेनासा झाला. माझा नंबर लागला त्या दिवशी कागदाला अजून टाचणी लागत होती आणि मी तिकिटं घेऊन खिडकीवर होते.

नक्कल इंग्रजीत होती. क्लार्कनंच वाचून दाखवली, हिंदीत सांगितली. पुकारा झाला. बाई गैरहाजिर. तिच्या बाजूनं कोणी वकील नाही. एकतर्फी.

मी म्हटलं, वकील होता. अंगठा घेतला होता त्यानं. क्लार्कनं फाईलची यादी पुन्हा पाहिली आणि मान हलवली. वकालतनामा, म्हणजे आईच्या अंगठ्याचं वकीलपत्र, दाखलच झाला नव्हता. मी विचारलं, किती वेळा पुकारलं? तो म्हणाला, "उतना नहीं लिखते, अम्मा."

घरी आले. आई खाटेवर बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले.

"पुकारलं होतं, माय."

"मंग मले ऐकू नाही आलं."

"ऐकू येऊ नये म्हणूनच तिथं बसवलं होतं."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं होतं, आता तरी ती रडेल, शिव्या देईल, मोकळी होईल. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत धरून उठली, पदर सारखा केला आणि दारात जाऊन उभी राहिली. या वेळी मी विचारलं नाही. मीही तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. देवाशपथ नाही सांगत, आमच्याकडे देव नाही, पण क्षणभर मलाही ऐकू आल्यासारखं झालं.

मुन्शी परवा माझ्या दुकानावर आला होता. म्हणाला, जुनं झालं, साहेबही थकले, तुला काय पाहिजे ते बोल. आयुष्यभर मी भाव करत आले. या मालाला मी भाव सांगितला नाही. आवाज चढवून त्याला दुकानाखाली उतरवलं. वकिलांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे माझा अर्ज गेला आहे. एकतर्फी निकाल उघडा म्हणून दुसरा अर्ज कोर्टात पडला आहे. इतक्या वर्षांनी काही होत नाही, असं मला चार वकिलांनी सांगितलं. पाचवा तयार झाला. त्याचं प्रत्येक कागदपत्र मी समोर उभी राहून दाखल करवते.

वकीलसाहेब, तुमचा मुन्शी पाठवू नका. तुम्ही या. त्या दिवशी तुम्ही कोर्टाच्या खोलीत आत-बाहेर करत होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या कानांवर गिरजाचं नाव पडलं. ती कुठं बसली आहे हे तिथल्या माणसांत एकट्या तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तोंड काऊन उघडलं नाही? हे जजासमोर, शपथेवर सांगा. माझी आई जिवंत आहे तोवर सांगा. ती गेल्यावर तेच तुम्हाला माझ्यासमोर सांगावं लागेल.