भवानीच्या मागचा जाळ

भवानी झाल्याशिवाय हुओंगताई कुणाशी धड बोलत नाही. क्वी न्योन शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर, रानबदामाच्या झाडाखाली तिची शेवयांच्या सुपाची गाडी, शेजारी माझे नारळ. सुपातल्या माशाच्या वड्या अशा करते की खाणारा परत येतोच. तोंड मात्र तिखट. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही. तेव्हापासून ती गाडी हेच तिचं घरदार, आणि जागा अशी मोक्याची की दहा जणांचा तिच्यावर डोळा.

"ताई, गिऱ्हाइकाशी जरा हसून बोलावं," मी म्हणायचे.

"हसून पोट भरलं असतं तर तुझे नारळ कुणी घेतले असते?"

आम्हा विकणाऱ्यांची एक रीत आहे. पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून तसंच गेलं, की दिवस गेला. मग कागद पेटवायचा, त्याच्या वाटेवर ओवाळायचा आणि 'वाईट सावली, चालती हो' म्हणायचं. मीही करते, त्यात लाजायचं काय? पण माणूस पार लांब गेल्यावर करावं. हुओंगताईला दम कुठला निघायला.

त्या सकाळी एक उंच गोरा पाहुणा आला. पातेल्यात डोकावला, बोटांनी भाव विचारला, हाताने कसल्याशा खुणा केल्या आणि चालू लागला.

"घ्या, झाली भवानी," हुओंगताई करवादली. तो कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच हिने कागद पेटवला. ओवाळून वर बघते तर तोच समोर, आईला दंडाला धरून. म्हातारीच्या डोक्याला फडकं, भुवयासुद्धा झडलेल्या. आईला आणायला गेला होता बिचारा. म्हातारी त्या जाळाकडे बघतच राहिली. मग मुलाला काहीतरी म्हणाली आणि दोघं माघारी फिरली. हुओंगताईचं बोट भाजलं तेव्हा कुठे तिने कागद टाकला.

पुढच्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसातला थिएन फोन घेऊन आला.

"मावशी, गाव गाजवलंत. तुमच्या त्या पाहुण्याने आपल्या शहराबद्दल इंटरनेटवर लिहिलंय. समुद्र सुंदर, मासे ताजे, माणसं गोड. आणि मग तुम्ही." त्याने वाचून दाखवलं, "झाडाखालच्या सुपाच्या गाडीवर एका बाईने आमच्या वाटेवर जाळ ओवाळला. आईने मला विचारलं, माझं दुखणं इतकं दिसतं का रे? त्यानंतर ती खोलीबाहेर पडली नाही."

हुओंगताई खाली बसली.

थिएन तसा मनाचा वाईट नाही. म्हणाला, "साहेब गाडी उठवा म्हणतायत. मी तोड काढलीय. डासांसाठी कागद जाळला, असं फोनसमोर सांगा, मी त्याचा व्हिडिओ टाकतो. जागा राहील."

"सांग ना, ताई," मी म्हटलं. "डास काय साक्ष द्यायला येणारेत?"

हुओंगताई थिएनला म्हणाली, "त्याला उत्तर लिहिता येतं? मग लिही. पहिलं गिऱ्हाईक परत गेलं म्हणून मी जाळ केला. तुझी आई तेव्हा मला दिसलीही नव्हती. तिला हे सांग."

"असं लिहिलं की तुम्ही कबूल केलंत, मावशी. मग माझ्या हातात काही उरत नाही."

"लिही म्हटलं ना."

त्याने लिहिलं. तिने ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि स्टुलं एकात एक रचायला लागली.

माझा संताप झाला. "वेड लागलंय का तुला? कुठली कोण ती म्हातारी. डास म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"जाळ तिने डोळ्यांनी बघितला," हुओंगताई म्हणाली. "डासांचं ऐकून तिला पटलं असतं होय? आरशात बघायला घाबरत असेल गं ती." मग तिने चुलीवर पाणी ओतलं.